वॉरगेमचे नियम दुसऱ्या काळात नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनिएचर, म्हणजे शिपायांचे छोटे पुतळे, मांडून लढाया खेळणाऱ्या बहुतेकांकडे धड पाठ असलेलं रूलबुक एकच असतं आणि खेळायचं मात्र सगळंच असतं. आज पानिपत, पुढच्या रविवारी नॉर्मंडी, मग कुणीतरी ड्रॅगन रंगवून आणतो. अशा वेळी पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं जास्त करून मराठा काळातली आहेत, कारण आपल्याकडे विचारणा त्याचीच होते आणि परदेशी रूलबुकं सर्वांत जास्त तिथेच अडखळतात.

नवं रूलबुक घ्यावं की आहे तेच बदलावं?

माणसं घोळक्यानं किंवा रांगेनं उभी राहून, एकमेकांना दिसतील एवढ्या अंतरावरून लढत असतील, तर एकाच साच्यावर बरंच भागतं. रोमन पलटणींपासून १८०३ च्या असईपर्यंत (मराठे विरुद्ध इंग्रज) मूळ सांगाडा तोच ठेवता येतो. यंत्रबंदूक आली, सैनिक जमिनीला चिकटले आणि रणांगण रिकामं दिसू लागलं, की तो सांगाडा कुरकुरायला लागतो. तिथे नवं पुस्तक घेतलेलं बरं.

बदलाची सुरुवात शस्त्रांच्या तक्त्यापासून करावी का?

सगळे तिथूनच करतात. धनुष्याच्या जागी बंदूक लिहायची, पल्ला चार इंचांनी वाढवायचा, भाल्याला एक गुण जास्त द्यायचा, की झाला नवा काळ! खेळायला बसलं की कळतं, खेळ जुनाच आहे आणि फक्त कपडे बदललेत.

आधी कागदावर एकच गोष्ट लिहून काढा: त्या काळातल्या सेनापतीची झोप कशामुळे उडत होती? मध्ययुगीन युरोपातल्या सरंजामदाराला आपले उमराव हुकूम पाळतील की नाही याची धास्ती असे. नेपोलियनच्या काळात राखीव फौज कधी सोडायची हा पेच होता. मराठी सरदाराला घोड्यांचा चारा, पाठीमागचे बुणगे (न लढणारा लवाजमा) आणि शेजारच्या सरदाराची मर्जी, तिन्हींची काळजी. ती चिंता नियमांत आली की शस्त्रांचे आकडे थोडे मागेपुढे झाले तरी चालतं.

असं रूपांतर आधी कुणी नीट केलंय का?

भरपूर जणांनी. हा छंदच त्यावर उभा आहे. प्रशियाचा लेफ्टनंट फॉन राइसविट्झ याने १८२४ मध्ये क्रीग्सश्पील छापलं. १:८००० प्रमाणाचा नकाशा, दोन मिनिटांची एक खेळी आणि निवाडा करणारा पंच, असा तो प्रकार होता. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी केलेली ही गोष्ट पुढे एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये घराच्या जमिनीवर आणली. खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेतून गोळी उडवायची आणि खेळण्यातले शिपाई खरोखर पाडायचे. फाशांची गरजच नाही.

सर्वांत गाजलेली उडी १९७१ च्या ‘चेनमेल’ची. मध्ययुगीन लढायांचे नियम आणि शेवटी जोडलेली फॅन्टसीची पुरवणी. त्या पुरवणीत जादूचं वेगळं शास्त्र रचलेलं नाही. मांत्रिकाच्या आगीच्या गोळ्याचा मारा मोठ्या गोफणयंत्राएवढ्या जागेवर, विजेचा जड तोफेएवढ्या जागेवर. एक वीर म्हणजे चार साधे शिपाई. आहे त्याच यंत्रणेत पाहुण्यांना जागा करून दिली. त्यातूनच १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोलप्लेइंग खेळ निघाला.

अलीकडचं उदाहरण म्हणजे २०१४ चं ‘लायन रॅम्पंट’. मध्ययुगीन चकमकींसाठीचे हे नियम. तुकडी हलवायची तर दोन फासे टाकायचे, अपेक्षित आकडा आला नाही तर तुमचा अख्खा टर्न तिथेच संपतो. बेभरवशाचे उमराव हाताळण्यासाठी हे झकास आहे. त्याच लेखकाने २०१६ मध्ये वसाहतकाळासाठी पुस्तक केलं, तेव्हा ही अट काढून टाकली. एक तुकडी अडली तर तेवढीच अडते, आणि प्रत्येक प्रकारच्या तुकडीला तिच्या सवयीची एखादी कृती फासा न टाकता करता येते. मोठा फरक पडला तो हुकूम पाळण्याच्या नियमात. वरच्या उत्तरात म्हटलं ते हेच.

एक मिनिएचर म्हणजे किती माणसं धरायची?

लढाईतल्या सर्वांत लहान महत्त्वाच्या तुकडीपासून उलटं मोजा. असईला इंग्रज सेनापती वेलस्लीकडे मुख्य लढाऊ फौज साडेचार हजारांच्या आसपास होती, शिवाय म्हैसूर आणि पेशव्यांचं घोडदळ. एका मिनिएचरला पन्नास माणसं धरली तर मुख्य फौजेची नव्वद मिनिएचर होतात. एका हिवाळ्यात रंगवून होण्यासारखं काम आहे. पानिपताला हेच प्रमाण लावलंत तर लग्न मोडेल.

जमिनीचं प्रमाण वेगळं ठरवा, दोन्हींची गल्लत नको. गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नव्हता. टेबलावरचा एक इंच म्हणजे पंचवीस यार्ड धरलं, तर तिचा पल्ला जेमतेम चार इंच होतो. खेळाडू कुरकुरतात, बंदूक म्हणजे लांब मारा करणारी हवी म्हणून. पण चार इंच धरल्यावर घोडदळाचा हल्ला का जमत होता आणि एकाच फैरीवर सगळं का टांगलेलं असे, हे आपोआप समजतं. चकमकीच्या खेळात, जिथे एक मिनिएचर म्हणजे एकच माणूस, तिथे पल्ला बारा-पंधरा इंच ठेवायला हरकत नाही.

आमच्या नियमांत मराठी घोडदळ हमखास मार खातं. काय चुकतंय?

घोडदळ चुकत नाहीये, पुस्तक चुकतंय. युरोपीय नियमांत घोडेस्वार दोनच जातींचे. एक जड, जो छातीवर येऊन धडकतो आणि लढाईचा निकाल लावतो. दुसरा हलका, जो कडेला फिरत थोडा त्रास देतो आणि गाठ पडली की मरतो. बारगीर आणि शिलेदार दुसऱ्या खान्यात टाकले जातात आणि मग तिसऱ्या टर्नला सगळे टेबलाबाहेर.

त्यांचं बळ नको तेव्हा न लढण्यात होतं. म्हणून हल्ल्याचे गुण वाढवू नका, निसटण्याचा नियम सुधारा. मी वापरतो तो असा.

शत्रूने हल्ला पुकारला की मराठी स्वारांच्या तुकडीला हूल देता येते. दोन फासे टाका. बेरीज पाच किंवा जास्त आली तर तुकडी आपल्या पूर्ण चालीएवढी मागे सरते, हल्ला करणारा मोकळ्या मैदानात येऊन थांबतो, आणि हूल देणाऱ्या तुकडीशेजारी एक ‘दम’ ठेवायचा. काचेची गोटी, चिंचोका, काहीही चालेल. प्रत्येक दमामागे पुढच्या हुलीचा आकडा एकाने वाढतो. एक पूर्ण टर्न न हलता काढला तर एक दम उतरतो.

यामागचं गणित बघा. दोन फाशांवर पाच किंवा जास्त येण्याची शक्यता ८३ टक्के, सहाची ७२, सातची ५८, आठची ४२, नऊची २८. पहिली हूल जवळजवळ हातची. तिसरीला घाम फुटतो. पाचवी देणारा एकतर वेडा किंवा अडचणीत. घोडं किती पळवायचं याचा हिशेब खेळाडू आपसूक करू लागतो, आणि समोरचा मुघल सरदार एकामागून एक फुकट हल्ले करून दम चढवायला बघतो. दोघांनाही करायला काहीतरी मिळतं.

दुसरा बदल टेबलाच्या कडेचा. बहुतेक पुस्तकांत कडेबाहेर गेलेली तुकडी मेली असं धरतात. मराठी स्वारांसाठी ते रद्द करा. आपल्या मर्जीने बाहेर गेलेली तुकडी तीन टर्ननंतर कोणत्याही कडेने परत येऊ शकते, फक्त शत्रूपासून बारा इंचांच्या आत नाही. एवढ्याने प्रतिस्पर्ध्याला बुणग्यांपाशी पहारा ठेवावा लागतो, आणि पहाऱ्यावरच्या तुकड्या आघाडीला नसतात.

सेनापती हत्तीवर असेल तर?

याला स्वतंत्र नियम हवाच. हत्तीवरचा सेनापती सगळ्या फौजेला दिसतो. तेच त्याचं काम. म्हणून त्याच्या हुकमाचा टप्पा घोड्यावरच्या सेनापतीच्या दीडपट ठेवा. आता उलट बाजू. १६५८ मध्ये सामूगढला औरंगजेबाचा भाऊ दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, अंबारी रिकामी दिसली आणि फौजेने धीर सोडला. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब घोड्यावर बसले आणि पानिपतावरही तीच गत झाली, असं सांगतात.

युरोपीय पुस्तकात सेनापती मेला तरच मोराल टेस्ट, म्हणजे तुकडी टिकते की पळते याचा फासा. इथे तो उतरला तरी घ्या, आणि ज्यांना हत्ती दिसत होता त्या सगळ्या तुकड्यांची घ्या. हत्तीवर बसून राहिलात तर जंबुरक्यांना (उंटावरच्या छोट्या तोफांना) आयतं निशाण, उतरलात तर ही आफत. खेळाडूचा चेहरा बघण्यासारखा होतो.

सरदार ऐकत नाहीत, हे कसं दाखवायचं?

पानिपताला ठरलं होतं ते गोल बांधून चालायचं. इब्राहिमखानाचे गारदी (कवायती पायदळ) आणि तोफा पुढे राहून वाट करणार, घोडदळाने त्यांच्या आसऱ्याने सरकायचं. समोरचे रोहिले मागे हटताना दिसले आणि काही सरदार गोल मोडून पुढे धावले. गारद्यांच्याच माऱ्यापुढे आपले स्वार आले, असं पुष्कळदा सांगितलं जातं.

नियम साधा ठेवा. सरदारासमोर बारा इंचांत शत्रूची तुकडी मागे हटली की फासा टाका. एक किंवा दोन आले तर तो आपल्या सगळ्या स्वारांसह तिच्यावर धावतो, तुम्हाला विचारत नाही. हीच युक्ती इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या घोडदळालाही जशीच्या तशी लागू पडते. पाठलागावर गेलेले स्वार तिथेही वेळेवर परत येत नसत.

कवायती पलटणींना ‘देशी पायदळ, दर्जा कमी’ असे गुण देतात. बरोबर आहे का?

नाही. शिंद्यांच्या कंपूंना असे गुण देणाऱ्याने असई वाचलेली नाही.

२३ सप्टेंबर १८०३ ला वेलस्लीने केळना ओलांडली ती शत्रूच्या बगलेवर पडायला. शिंद्यांकडच्या पोहलमनच्या पलटणींनी तोंड फिरवून केळना आणि जुई या दोन नद्यांमध्ये नवी फळी उभी केली. गोळीबाराच्या टप्प्यात मोर्चा बदलणं ऐऱ्यागैऱ्या पायदळाला जमत नाही. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी दीड हजारांवर गेले, ७४ व्या पलटणीची तर वाताहत झाली. वेलस्ली म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

या पलटणींना कंपनीच्या शिपायांइतकेच गुण द्या आणि तोफखान्याला थोडे जास्त. कमी करायचंच असेल तर सेनापतीच्या हुकमाचे करा. घोडदळ आणि पायदळ एका सुरात लढत नव्हतं, दुखणं तिथे होतं.

तोफा ताब्यात आल्या की काढून टाकायच्या का?

असई खेळताना तरी नको. इंग्रजांची फळी तोफांवरून पुढे गेली आणि मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठून त्याच तोफा पाठीमागून डागू लागले. फळीला परत वळून त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या.

म्हणून, तोफेवरून तुकडी नुसती पुढे गेली तर तोफ तिथेच राहते. पुढच्या टर्नपासून मूळ मालक फासा टाकतो, सहा आला तर ती पुन्हा सुरू. हे टाळायचं असेल तर तुकडीने एक पूर्ण टर्न थांबून तोफेला खिळा मारायचा. थांबायचं की घोडदौड चालू ठेवायची, ठरवा बापडे.

एकही लढाई न होता संपलेल्या मोहिमा टेबलावर कशा आणायच्या?

१७२८ ला पालखेडला बाजीरावाने निजामाला पाण्यावाचून कोंडलं. मोठी लढाई झालीच नाही आणि मुंगी-शेवगावचा तह झाला. हे सहा बाय चारच्या टेबलावर मावत नाही. नकाशावर खेळा. छापील जिल्हा नकाशा, त्यावर पाण्याच्या जागा खुणा करून, आणि दोन्ही बाजूंच्या चाली पंचाकडे चिठ्ठीने. जड तोफा असलेल्या फौजेची चाल निम्मी, सलग दोन खेळ्या पाण्याबाहेर गेल्या की फौजेचा एक भाग गळाला. नकाशावर गाठ पडलीच तर टेबल मांडा.

छोट्या खेळासाठी उंबरखिंड, १६६१, जास्त सोयीची. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना जंगल, मधे कारतलबखानाची रांग. त्यात माणसं मारण्याला गुणच ठेवू नका. किती सामान खाली ठेवून रांग निघून गेली, त्यावर निकाल.

आकड्यात एकाने फरक केला तर बिघडतं का?

कुठे केला त्यावर आहे. एका फाशावर प्रत्येक पायरी १७ टक्क्यांची. दोन फाशांवर मधल्या आकड्यांपाशी १४ ते १७, टोकाला तीन ते सहाच टक्के. बाराच्या जागी अकरा केलंत तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, आठच्या जागी सात केलंत तर खेळ बदलेल. त्यामुळे एका वेळी एकच बदल करून बघा.

मध्ययुगीन नियमांवर दुसरं महायुद्ध खेळता येईल?

येईल, पण मोराल टेस्टच्या जागी ‘दबलेली तुकडी’ आणावी लागेल. गोळीबारात सापडलेली माणसं पळत कमी, जमिनीला जास्त चिकटतात. शिवाय न दिसणारा शत्रू दाखवायला कोरे बेस (मिनिएचर चिकटवायच्या चकत्या) ठेवावे लागतात. एवढं करण्यापेक्षा त्या काळाचं पुस्तक घ्या.

जहाजं? विमानं?

नको.

फॅन्टसी किंवा सायफाय करायचं तर?

चेनमेलची वाट धरा. ड्रॅगन म्हणजे उडणारी तोफ की पंखवाला हत्ती, हे आधी ठरवा आणि त्या तुकडीचे गुण त्याला द्या. १९९० च्या ‘डीबीए’त (‘डे बेलिस अँटिक्विटाटिस’, प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांचे नियम) प्रत्येकाकडे बारा बेस आणि टर्नला एक फासा, त्यावर जेवढे येतील तेवढ्या चाली. पुढच्याच वर्षी त्याच यंत्रावर फॅन्टसीचं भावंड निघालं. त्यात चोवीस गुणांचं सैन्य, जमावाचा बेस स्वस्त आणि ड्रॅगन महाग. नवीन यंत्र नाही, फक्त नवे प्रकार.

आपल्याकडे सामग्रीला तोटा नाही. वेताळ आणि त्याची पालखी, खिंडीतली भुतावळ, समोर वाट चुकलेली गारद्यांची तुकडी. वेताळाला मशाली लागत असतील तर अंधाराचा एक नियम करा. मात्र जादूने पळणाऱ्या तुकड्या परत येऊ देऊ नका. सगळ्या फॅन्टसी खेळांची वाट तिथेच लागते, कारण मग कुणी हरतच नाही.

दोन्ही सैन्यांचे पॉइंट्स समान असायलाच हवेत का?

स्पर्धा असेल तर हो. इतिहास खेळायचा असेल तर हारणाऱ्या बाजूला सोपं उद्दिष्ट द्या आणि दुसऱ्या रविवारी बाजू बदला.

शिवाजी महाराजांचं मिनिएचर टेबलावर ठेवावं का?

मी ठेवत नाही. खेळात सेनापतीला लागायला हवं, पळायला हवं, कधीकधी मरायला हवं, आणि त्या वेळी टेबलाभोवतीच्या चार जणांत हमखास वाद होतो. मैदानावर नेताजी पालकर किंवा नुसता ‘सरदार’ ठेवा. हुकूम मागून येतात एवढं पुरे. याला कुणी भावनिकता म्हणेल, तर म्हणू दे. अब्दाली कोण होणार हा प्रश्न मात्र चिठ्ठ्या टाकून सोडवा, नाहीतर खेळ सुरूच होत नाही.

मराठा काळाची मिनिएचर आणायची कुठून?

परदेशातून मागवली तर टपाल आणि कस्टम ड्यूटी मिळून किमतीच्या जवळपास जातं. १:७२ च्या प्लास्टिकमध्ये मुघल आणि अफगाण थोडेफार मिळतात, पागोटी पुट्टीने करावी लागतात. थ्रीडी प्रिंटर असलेला मित्र धरा. बेस मात्र सुरुवातीलाच एका मापाचे घ्या, पंधरा मिलिमीटरच्या मिनिएचरला चाळीस मिलिमीटर रुंदीचा बेस जवळपास सगळीकडे चालतो आणि नियम बदलले तरी पुन्हा चिकटवाचिकटवी लागत नाही.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे चालतील का, असं मुलं विचारतात. चालतील, वेल्सच्या पद्धतीने जमिनीवर. पुण्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यात दिवाळीआधी ढिगाने असतात. उंची कुणाची कुणाला जुळत नाही आणि स्प्रिंगच्या तोफेसमोर मान टिकत नाही, म्हणून रबराची गोळी वापरा.

बदललेले नियम इतरांना देता येतील?

तुमचे बदल, हो. फासे टाकून तुकडी हलवण्याच्या कल्पनेवर सहसा कुणाची मालकी नसते, पण पुस्तकातला मजकूर, तक्ते आणि चित्रं तशीच्या तशी उतरवून वाटू नका. ‘अमुक पुस्तकाला पुरवणी’ असं वर लिहून दोन पानांत फक्त बदल द्या. ज्याला खेळायचंय तो मूळ पुस्तक घेईल. आणि त्या दोन पानांवर तारीख टाका, कारण पुढच्या महिन्यात दमाचा नियम तुम्ही पुन्हा बदललेला असणार.